अम्मोंकडचा तिसरा कप

परवा शनिवारी अम्मोंकडे जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाहीये. अम्मो म्हणजे अरबीत काका... वॉटर्लूच्या आमच्या कॉन्डोमधले समोरचे शेजारी. एका अरब देशाचे राजदूत होते, पुढे थोडे दिवस मंत्रीही. तिकडचं सरकार उलथलं आणि ते इथे येऊन राहिले.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे वेलची घातलेली कॉफी. कप मात्र नेहमी तीन... एक त्यांचा, एक माझा आणि एक रिकाम्या खुर्चीपुढे. तो शेवटपर्यंत तसाच भरलेला राहायचा.

पहिल्यांदा गेले तेव्हा तोही कप उचलून विसळायला निघाले. आपल्याला कुठे दुसऱ्याच्या घरी खरकटं तसंच टाकून उठवतं! तर एवढा सौम्य माणूस केवढ्यांदा ओरडला... मी कप होता तिथे ठेवून दिला.

मग त्यांनी सांगितलं. खुर्ची युसुफची, त्यांच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्याची. त्याला राजधानीतून 'चर्चेसाठी' बोलावणं आलं, तो घाबरला होता. "काही होत नाही, जाऊन ये," म्हणत अम्मोंनीच त्याला विमानात बसवलं. तो परत कुणालाच दिसला नाही.

त्यांच्यात म्हणे, पाहुण्याला काही मागायचं असेल तर यजमान हो म्हणेपर्यंत तो कॉफीला तोंड लावत नाही.

आता तिकडे नवं सरकार आलंय, जुन्या राजवटीत बेपत्ता झालेल्यांची चौकशी चाललीये. युसुफची बायको अम्मोंना साक्षीला बोलावत होती. गेले तर जुन्या राजवटीतले मंत्री म्हणून त्यांनाच अटक व्हायची भीती... म्हणून ते टाळत होते.

परवा तिचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं किचनमध्ये होतो. मी माझा कप विसळत होते. अम्मोंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मग अरबीत एकच शब्द बोलले.

फोन ठेवून मला म्हणाले, "येतो म्हटलं तिला."

बाहेर आलो... तिसरा कप रिकामा! तळाशी फक्त गाळ. घरात तिसरं माणूस नाही, दार आतून लॉक. आई शप्पथ, मी जाऊन दाराची कडी पुन्हा बघून आले. अम्मो खुर्चीपाशी बसले आणि हमसून हमसून रडले.

काल ते निघाले. मी हातावर दही ठेवलं, त्यांनी काही न विचारता खाल्लं. लिफ्ट आली, पण स्वतः आत जाईनात. दार हाताने धरून बाजूला उभे राहिले... पाहुणा आधी, ही जन्मभराची सवय.

मीही भिंतीला चिकटून वाट दिली. भीती वाटली का? वाटली ना! पण तेव्हा त्याला एकट्याला पाठवलं होतं, काल दोघं बरोबर निघाले.

देवा, सांभाळ रे दोघांना...