कर्ज न काढल्याचा गुन्हा

लाँड्रीवाल्या मावशींनी जन्मात कुणाची उधारी ठेवली नव्हती. नवरा गेल्यावर दुकान एकटीने सावरलं, लेकीला शिकवलं, पण अंथरूण पाहूनच पाय पसरले. मग कपडे धुण्याचं मोठं मशीन अखेरचे आचके देऊ लागलं आणि त्या पहिल्यांदा कर्जासाठी बँकेची पायरी चढल्या.

कर्ज विभागातले साहेब लेकीच्याच वयाचे. स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मावशी, तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही."

"म्हणजे कमी आहे?"

"नाहीच. तुम्ही कधी कर्ज घेतलं नाहीत, मग फेडाल की नाही हे कॉम्प्युटरला कळणार कसं?"

"कुणाचं बुडवलं नाही, म्हणून माझाच संशय?"

"बुडवणाऱ्यांची निदान माहिती तरी असते," साहेब बोलून गेले आणि ओशाळले.

"अहो, मी समोर बसलेय. मला बघा की."

"आधीचे साहेब माणूस बघूनच कर्ज द्यायचे. गोड बोलणारे टोपी घालून गेले आणि चाचरत बोलणारे हात हलवत परतले. म्हणून तर हा कॉम्प्युटर आला."

हे काही मावशींना खोडता येईना. त्यामुळे त्या आणखीच चिडल्या.

साहेबांनी तोड सुचवली. मुदत ठेव ठेवायची, तिच्यावर कार्ड घ्यायचं, थोडं वापरायचं, वेळेवर भरायचं. स्वतःच्याच पैशांवर उधारी! मावशींनी कपाळाला हात लावला, पण कार्ड घेतलं. साबण, सोडा, सगळं त्यावरच आणलं आणि पै न पै वेळेवर भरली. तरी काही महिन्यांनी स्कोअर आला तो बेताचाच.

"दर महिन्याला कार्डाची पूर्ण मर्यादा वापरलीत," साहेब म्हणाले. "त्यावरून वाटतं, तुम्हाला पैशांची ओढाताण आहे."

"सासूपेक्षा खाष्ट आहे हो तुमचा कॉम्प्युटर. खाल्लं तरी बोलतो, नाही खाल्लं तरी बोलतो."

साहेबांना हसू आवरेना. मावशींना मात्र हसू येत नव्हतं. मशीन केव्हाच बंद पडलं होतं, चादरी हाताने पिळून मनगटं सुजली होती.

पुढे कार्ड बेताने वापरलं, तेव्हा अखेर कर्ज मंजूर झालं. तोवर ज्या लॉजच्या चादरी यायच्या, त्याने दुसरी लाँड्री धरली होती. मावशींनी मोठ्याऐवजी लहान मशीन घेतलं.

आता दुपारभर फोन वाजतो. कुठल्या कुठल्या बँका गळ घालतात, कर्ज घ्या म्हणून. मावशींच्या हातची इस्त्री थांबायला नको म्हणून लेकच फोन उचलते.

"आई घरात नाही," ती सांगते.

"घरात नाही काय म्हणतेस," मावशी आतून ओरडतात. "सांग, आई चिडलीय."