भावोजींचा दोन सह्यांचा कागद

अख्ख्या पालघर जिल्ह्यात अटलांटिक महासागर तोंडपाठ असलेला माणूस एकच आहे आणि तो माझ्या ताईचा नवरा आहे, हे मी बोईसरच्या आमच्या कारखान्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच सांगून टाकतो. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. भावोजींचं घर केळव्याला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या समुद्रात ते घोट्याच्या वर कधी उतरलेले नाहीत. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येऊन लाटांत मनसोक्त लोळतात, आणि भावोजी लेंगा दोन बोटं वर धरून काठावर उभे राहून त्यांच्याकडे कीव केल्यासारखं बघतात. एकदा मी विचारलंच, तर म्हणाले, "ह्याला काय समुद्र बोलायचा? काठाकाठाने जा, कुठेपण उतर. समुद्र म्हणजे ज्याच्या मधोमध उतरायला जागाच नाय, तो."

तीस वर्षं हा माणूस मुंबईत एका विमान कंपनीत लांबच्या उड्डाणांचं नियोजन करतो आहे. विमान सुटायच्या काही तास आधी हे टेबलाशी बसून ठरवणार, की जायचं कुठल्या वाटेने, वारा कुठून आणि किती, कोणाकोणाच्या आकाशातून जायची परवानगी हवी, तेल किती भरायचं, आणि भर महासागरावर एक इंजिन रुसलं तर त्या घडीला जवळचा आसरा कोणता. मग त्या कागदावर दोन सह्या होतात, एक कप्तानाची आणि एक ह्यांची. दोघांची जबाबदारी सारखी. दोघांतला एक जरी नाही म्हणाला, तरी तीनशे माणसं पोटात घेऊन बसलेलं विमान जागचं हलत नाही. हे गावात समजावून सांगणं सोपं नाही. शेजारच्या वाडीतले नाना एकदा सुपारी उतरवता उतरवता म्हणाले, "म्हंजे तुमी विमान चालवत नाय?" भावोजी म्हणाले, नाय. "त्यात बसत पण नाय?" नाय. "मग करता काय?" "ते कुठे पडणार नाय, तेवढं बघतो." नानांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "हे तर देवाचं काम हाय. त्याचा पगार देतात काय?"

हे काम भावोजींनी कचेरीतच ठेवलं असतं तर आम्हा नातेवाइकांचं आयुष्य सुखाचं झालं असतं. पण त्यांच्या लेखी घराबाहेर पडणं म्हणजे उड्डाण, मग ते शेजारच्या माहीम गावात भाजी आणायला का असेना. ताईचा नवा फ्रिज बोईसरहून केळव्याला न्यायचा होता, तेव्हा त्यांनी टेंपोवाल्याच्या हातात चक्क छापील कागद ठेवला. त्यावर मुख्य रस्ता, रस्ता बंद असल्यास दुसरा रस्ता, तोही बंद असल्यास फ्रिज सावलीत उतरवून ठेवायला ओळखीची दोन घरं, आणि डिझेलचा हिशोब. टेंपोवाल्याने तो कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "साहब, फ्रिज केळवा ले जाना है कि अमरीका?" भावोजी जराही न हसता म्हणाले, "अमरीका होता तो आसान था. बीच में फाटक नहीं आता."

माझं लग्न ठरवायला मनोरला मुलगी बघायला गेलो, तोही बेत अर्थातच त्यांचा. आदल्या दिवशी त्यांनी घरातल्या प्रत्येकाचं वजन विचारून घेतलं, कारण गाडीत किती माणसं, किती नारळ आणि किती पेढे मावतील हे त्याशिवाय ठरत नाही. आत्याने आपलं वजन सांगितलं, तर हे म्हणाले, "आत्या, हे लग्नाच्या वेळचं झालं. आजचं सांगा." आत्या दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. मनोरला पोचल्यावर चहा-पोहे झाले, मुलगी समोर येऊन बसली, आणि भावोजींनी खिशातून कागद काढून मुलीच्या वडिलांना शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे नाय जमलं, तर इथून अर्ध्या तासात दुसरं कोण हाय?" त्यांना विचारायचं होतं ते एवढंच, की येताना तुमच्या घरापर्यंतचा रस्ता खणलेला मिळाला असता तर आम्ही थांबायचं कोणाकडे. पण वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. ते लग्न झालं हे माझं नशीब. बायको आजही ऐकवते की तुमच्या भावोजींनी माझ्या तोंडावर दुसरी विचारली होती.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे मधला बिंदू. कुठल्याही प्रवासात एक जागा अशी असते की तिथून मागे फिरायला जेवढा वेळ, तेवढाच पुढे पोचायला. महासागरावर ती जागा नकाशावर आखूनच ठेवतात, कारण काही बिघडलं तर तिच्या अलीकडे असताना मागच्या आसऱ्याकडे वळायचं आणि पलीकडे गेल्यावर पुढच्या. तिथे विचार करत बसायला वेळ नसतो, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा. "आणि ती अंतराने मधोमध नसते हां," ते बजावतात, "समोरून वारा असला तर पुढे सरकते." केळवे ते मनोर ह्या प्रवासात ती जागा वाघोबाच्या खिंडीत येते. गाडी तिथे पोचली की आम्ही सगळे वाघोबाला हात जोडतो. भावोजी आधी घड्याळ बघतात, मग हात जोडतात, आणि जाहीर करतात, "आता पुढचंच जवळ." म्हणजे आता चष्मा विसरला असेल, गॅस चालू राहिला असेल, कोणाचा रुसवा काढायचा राहिला असेल, तरी मागे वळायचं नाही. आमच्या घरात हे वाक्य आम्ही पंचवीस वर्षं त्यांच्या आवाजात म्हणून हसतो आहोत.

पण ह्या सगळ्याचा कळस म्हणजे दोन सह्यांचा कागद. लांबचा प्रवास असला की त्याचा बेत एका कागदावर लिहून फ्रिजवर लावायचा, खाली एक सही भावोजींची आणि कप्तानाच्या जागी ताईची. सुरुवातीला ताई हसत सही ठोकायची. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस ती सही खरी मानतो. पाम गावाला एका बारशाला निघालेले असताना तिने सही केली नाही, कारण ह्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. भावोजींनी ब्र न काढता चपला काढल्या, गोळी घेतली आणि ताई त्यांच्याकडे बघून हो म्हणेपर्यंत ओटीवर बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, बारसं संपेल!" तर म्हणाले, "कप्तान नाय बोलला की नाय. घाई असते तेव्हाच तर नाय बोलायला माणूस लागतो."

हे ते स्वतःही करतात, हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही त्यांच्या एका सहकाऱ्याकडून. एकदा महासागराच्या दोन्ही बाजूंच्या आसऱ्याच्या विमानतळांवर धुकं येण्याचा अंदाज होता. भावोजींनी सही केली नाही. वरून फोन आले, प्रवासी ओरडले, साहेब चिडले. विमान चार तास उभं राहिलं. आणि धुकं आलंच नाही! दोन्हीकडे लख्ख ऊन. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, आता काय म्हणणं आहे? भावोजी म्हणाले, "बरंच झालं की, साहेब. पुढच्या खेपेला असाच अंदाज आला तरी मी असंच करीन." मी ही गोष्ट ऐकली त्या दिवसापासून त्यांच्या कागदांना हसतो, पण जरा जपून हसतो.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची जुई, त्यांची एकुलती एक मुलगी, शिकायला अमेरिकेला निघाली. पैसे भरून झाले, तिकीट झालं, आत्याने लाडू बांधले. फ्रिजवर केळवे ते मुंबई विमानतळ असा कागद लागला. भावोजींची सही झाली. ताईची होईना. ती रोज फ्रिज उघडायची, दूध काढायची, बंद करायची, कागदाकडे बघायचीसुद्धा नाही. जुई आईभोवती घुटमळून थकली. शेवटी मला बोलावणं आलं. मी भावोजींना म्हटलं, "खेळातला कागद तो, तुम्ही सरळ निघा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. "पंचवीस वर्षं तिच्या सहीवर थांबलो," ते म्हणाले, "आज गरजेची हाय तेव्हा खेळ बोलू?" जुईला त्यांनी स्पष्ट सांगितलं, आईची सही होईपर्यंत मी बॅग उचलणार नाही. पोर रडायला आली. विमान चुकलं असतं तर तिचं वर्षच गेलं असतं, आणि भावोजींनी ते जाऊ दिलं असतं ह्यात मला तरी शंका नाही.

निघायच्या दिवशी सकाळी ताई ओले हात पुसत फ्रिजसमोर येऊन उभी राहिली. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, "ह्याच्यात परतीचं कुठे लिवलंय?"

"परतीचा कागद परतीच्या वेळी," भावोजी म्हणाले. "त्या दिवसाचा वारा बघून. आज लिवला तर तो खोटा."

ताईने हात पुन्हा एकदा पदराला पुसले. मग तिने सही केली, पेन त्यांच्या हातात दिलं आणि हळूच म्हणाली, "तिच्या विमानात वाईच जास्त तेल टाका. कोणाला सांगू नका." कारण योगायोग असा, की त्या विमानाचं नियोजन त्या दिवशी भावोजींच्याच वाट्याला आलं होतं. साहेबांनी दुसऱ्याला देऊ का विचारलं होतं, तर हे नको म्हणाले होते.

जुईला विमानतळावर मी आणि ताईने पोचवलं. भावोजी तिथूनच जवळ, पण आपल्या टेबलाशी होते. दुसऱ्या दिवशी, त्या उडत्या विमानावर नजर ठेवायचं काम पुढच्या पाळीच्या माणसाच्या हवाली करून ते घरी आले, आंघोळ केली आणि झोपाळ्यावर येऊन बसले. मी थांबलोच होतो. ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "टाकलंत?"

"नाय."

"थोडंसंपण नाय?"

"लागतं तेवढं सगळं टाकलं. वाटेतलं, वाट चुकली तर लागणारं, वर थांबून राहायला लागलं तर त्याचं. उगाच जास्त टाकलं तर ते तेल वाहून न्यायलाच तेल जातं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आणि तिला जास्त टाकलं, म्हणजे आजपर्यंत दुसऱ्यांच्या पोरींना मी कमी टाकत होतो, असं झालं ना? तसं मी एक दिवस केलेलं नाय."

खरं सांगायचं तर माझी छाती फुगली होती. तीस वर्षांत त्यांच्या सहीवर किती लेकीबाळी समुद्रापलीकडे गेल्या असतील आणि त्यांच्या आयांना हा केळव्याचा माणूस कोण हे ठाऊकही नाही. हा माणूस आमचा आहे, आणि त्याच्याकडे बघून आम्ही पंचवीस वर्षं दात काढले.

"एकदा आकडे केले, एकदा तपासले, रोजच्यासारखे," ते स्वतःशीच म्हणाले. "परत एकदा तपासायला हात गेला होता. आवरला."

दुपारी ताईने पानं घेतली. बोंबलाचं कालवण, भात. भावोजी पानावर बसेनात. झोपाळ्याची कडी धरून उभे, नजर घड्याळावर. पोफळीच्या वाडीपलीकडे भरतीचा आवाज येत होता. मी दोनदा हाक मारली. एकाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी मनगट खाली केलं, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "आता पुढचंच जवळ."

कोणी हसलं नाही. ताईने पदर तोंडाला लावला. भावोजी येऊन पानावर बसले आणि सगळा भात मुकाट्याने जेवले.

जुई तिकडे रुळली आहे. फोन करते, आईला तिकडची थंडी दाखवते. परवा केळव्याला गेलो तर फ्रिजवर एक कोरा कागद लावलेला दिसला. वर तारीख नाही, वेळ नाही, काहीच नाही. फक्त खाली, कप्तानाच्या जागी, ताईची सही. मी म्हटलं, "काय हो भावोजी, कोऱ्या कागदावर सही? तुमच्या कायद्यात हा गुन्हा ना?"

"कप्तानाने केली. मी नाय केली."

"मग काढून का नाही टाकत?"

कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने दाबून नीट चिकटवला. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार आहेत, पण रोज सकाळी चहाआधी मोबाइलवर अटलांटिकचा वारा बघायची सवय काही सुटायची नाही, असं ताई सांगते. निघताना मला फाटकापर्यंत सोडायला आले. गाडी चालू केली तरी ते तिथेच उभे. मग काचेशी वाकून, मी काही विचारलं नसतानाच म्हणाले, "तिकडून येताना वारा पाठीशी असतो. जायला लागतो त्यापेक्षा यायला वेळ कमी लागतो."