पाठवणीला वाजलेलं फ्रेंच गाणं

मंडळी, परवा सायबर कॅफेतून मी बाबांच्या एका धुनेचं रेकॉर्डिंग इथे टाकून विचारलं होतं, हे गाणं मूळचं कुठलं? तुम्ही शोधून दिलंत. आधी एका फ्रेंच गायिकेचं, मग इंग्रजी, मग आपल्या हिंदी सिनेमातलं. मनापासून आभार.

बाबा बडोद्याला रावपुऱ्यातल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. वरघोड्यात, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीत, हीच धून ते गरब्याच्या ठेक्यावर वाजवतात. पण फ्रेंच शब्दांचा अर्थ वाचला तर ते घर सोडून निघालेल्या मुलीचं संथ गाणं निघालं. बाबांना सांगावं की नाही, याची मला काळजी होती. आज ताईचं लग्न, म्हणून सकाळी सांगून टाकलं.

"अरे देवा! म्हणजे इतकी वर्षं मी लोकांना रडायच्या गाण्यावर नाचवलं?" बाबा हसले.

दुपारी पाठवणीच्या वेळी ताई म्हणाली, "बाबा, आज ते संथ वाजवा. माझ्यासाठी."

दोन ओळी वाजल्या आणि बाबांना फुंकच मारता येईना. रडताना क्लॅरिनेट वाजत नाही. ताईही गाडीत बसेना.

तेव्हा आमचे गुजराती जिजाजी हळूच म्हणाले, "पप्पा, वरघोडामां वगाडो छो एम ज वगाडो ने!" म्हणजे, वरघोड्यात वाजवता तसंच वाजवा ना!

बाबांनी डोळे पुसले आणि गरब्याचा ठेका धरला. ताई रडत रडत, टाळ्या वाजवत गाडीत बसली.

आत्ता कॅफेत यायला निघालो, तर बाबा विचारतात, "त्या फ्रेंच बाईला कळवता येईल का रे, की तिचं गाणं बडोद्यात आमच्या पोरीला सासरी पोचवून आलं?"

तुमच्यापैकी कोणाला फ्रेंच लिहिता येतं का?