चिंचेनं घासलेली सीडी

औंढ्याच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली होती. नोकरीसाठी पुण्याला निघालेल्या माझ्या मांडीवर बाबांनी खिडकीतून लिनक्सचं जाडजूड पुस्तक ठेवलं, लाल फडक्यात, पोथीसारखी गाठ मारून. म्हणाले, "आत चकती हाये. बराबर चालते ना?"

"व्हय," मी म्हटलं. ती कधी चाललीच नव्हती, हे सांगायची माझी छाती नव्हती.

झालं असं होतं. ती सीडी पुस्तकाबरोबर आली होती आणि तिच्यावरून घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी प्रणाली चढवायची होती. त्याआधी दसरा आला. बाबा देवळाच्या सेवेतले. त्यांनी पाटीपूजनात सीडी मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पूजेच्या तांब्यासारखी चिंच-राखेनं घासून, लखलखीत करून हातात दिली. चकतीवर ओरखडेच ओरखडे, ती कामातून गेली होती; पण त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, छान झाली. मग लिनक्स डोळ्यांनी न बघताच अख्खं पुस्तक मोठमोठ्यानं वाचून पाठ केलं.

छापील पुस्तकांच्या नावानं गळे काढणाऱ्यांनी ऐकावं, ते पुस्तक काही थोर नव्हतं. छपाईच्या ढीगभर चुका, आणि लेखकाला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक. पण निदान ते एका जागी गप्प बसायचं.

आता मी पुण्यात नव्या पोरांना सर्व्हर शिकवते. शिकवते कसली, त्यांची तोंडं बघते. व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवायचे, इंटरनेटवरच्या कुठल्यातरी फोरमवरची कमांड उचलून चिकटवायची, आणि काय चिकटवलं विचारलं की मीच अडाणी असल्यासारखं बघायचं. फोरमवरचे विद्वान तर विचारूच नका. प्रश्न टाकला की 'आधी शोधून बघा'. अरे शहाण्या, शोधत शोधतच इथवर आले ना मी! आणि तो व्हिडिओवाला 'चॅनल सबस्क्राइब करा' म्हणण्यातच निम्मा वेळ घालवतो. देवळाबाहेरचा नारळवालासुद्धा इतका मागे लागत नाही.

बाबा मात्र फोनवर अधूनमधून विचारायचे, "चकती बराबर हाये ना?" ऑफिसात कुणाची भीडभाड न ठेवणारी मी, तिथे मुकाट. आपल्या हातानं लेकीचं काही बिघडलं हे कळलं तर ते खचतील, याची मला फार भीती वाटायची.

यंदा दसऱ्याला घरी गेले. पाटाजवळ लॅपटॉप ठेवला. बाबांनी कुंकवात बोट बुडवलं आणि थांबले.

"कुठं लावू? बिघडणार न्हाई अशी जागा दाव. मागं चकती घासून मीच तुझं नुकसान केलतं."

"तुमाला ठावं होतं?"

"कॉम्प्युटर बंद, अन् तू वरडून वरडून पाठ करून राहिली होती. कळत न्हाई व्हय? पण तू बोलंचना. म्हून फोनवर इचारायचो. वाटायचं, आज तरी रागावशील."

मी लॅपटॉपच्या झाकणाचा कोपरा दाखवला. त्यांनी तिथे बोट टेकवलं.

ऑफिसातली पोरं विचारतात, मॅडम, तो डाग पुसत का नाही? मी त्यांच्यावर खेकसते. रोज सगळ्यांवरच खेकसते. माझ्या रागाची इतकी वर्षं कुणी वाट बघत होतं, असं ते एकच घर. आणि नेमकं तिथेच मला रागावता आलं नाही.