रश्शात काय उतरलं

आमच्या लॅबचे किस्से मी कधी मुद्दाम जपले नाहीत. हिवाळ्यातल्या दुपारी डोळा लागायच्या बेतात असला, की ते आपसूक जवळ येऊन बसतात, शिजणाऱ्या मटणाच्या वासासकट!

सत्तरच्या दशकात, नागपुरातल्या एका कॉलेजात, शिजवल्यावर मटणातल्या कॅलरींचं काय होतं ते आम्ही तिघी मोजत होतो. प्रमुख मॅडम, त्यांची असिस्टंट मी, आणि शिजवायला गंगूबाई. शिजलेलं मांस वाळवायचं, बंद भांड्यात जाळायचं आणि भोवतीचं पाणी किती तापतं ते बघायचं. मॅडमनी जन्मात मटण चाखलेलं नव्हतं! थर्मामीटरकडे बघता बघता त्यांची तंद्री लागायची.

"वास मात्र छान येतो हो," त्या एकदा हळूच म्हणाल्या.

*

पहिल्याच दिवशी गंगूबाई आलं-लसूण, खसखस, सुकं खोबरं वाटून तयार!

"अहो, नुसतं पाण्यात उकडायचंय," मॅडम म्हणाल्या.

"बिना मसाल्याचं? मॅडम, त्या बकऱ्याले काय वाटंन?"

*

शंभर ग्रॅम मटण उकडलं आणि तोललं, तर पासष्ट! कुणी काही विचारायच्या आत गंगूबाई कानाला हात लावून उभी. "माय शप्पथ, मी तोंडाले लावलं नाही जी!"

पाणी निघून जातं, हे तिला पटवायला आमचे दोन दिवस गेले.

*

तिचा नवरा तुळशीराम हिंगण्याच्या एका कारखान्यात होता. टायफॉईडनं पार वाळला होता बिचारा. महिनाभरात दोन किलो वजन वाढलं नाही, तर डॉक्टर फिट लिहून देणार नव्हते आणि नोकरी जाणार होती. मला तिच्याकडे बघवत नसे.

त्यात तिनं मॅडमच्या तोंडून ऐकलं, की शंभर ग्रॅम शिजलेल्या मटणात शंभर ग्रॅम कच्च्यापेक्षा जास्त कॅलरी असतात. झालं! रविवारी सकाळपासून ऊन कलेपर्यंत तिनं मटण चुलीवरून उतरवलंच नाही. तुळशीरामाच्या ताटात कोळसे पडले.

"काहून उतरवू वं ताई? कॅलऱ्या वाढूनच राहिल्या होत्या ना!"

*

मॅडमनी तिला समोर बसवलं. "पाणी उडून मटण आटलं, इतकंच. आगीवर भाजलंत तर चरबी गळून निखाऱ्यात जाते. उकडलंत तर रश्शात उतरते. वरचा तवंग टाकू नका."

"म्हणजे तर्री?"

"तीच."

गंगूबाईनं उठून ओट्यावरच्या रश्शाच्या पातेल्यावर जपून झाकण ठेवलं.

*

महिना संपत आला. शेवटचा प्रयोग रश्शाचा होता. त्यासाठी त्या आठवड्यातला सगळा रस्सा आम्ही आठ बरण्यांत भरून फ्रिजमध्ये साठवला होता. मॅडमनी फ्रिज उघडला, तर आठही बरण्या घासूनपुसून पालथ्या! रिपोर्ट दोन दिवसांवर. मला रडू यायचं बाकी होतं.

गंगूबाई दारात उभी. "मॅडम, तर्री मी नाही पेली. त्याले पाजली."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वजन?"

"दोन किलोनं भरला जी. कालच फिट लिहून देल्लं."

मॅडम खुर्चीत बसल्या. वही उघडून 'रश्शात उतरलेल्या कॅलरी' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, "तुळशीराम, दोन किलो."