देगलूरच्या मामांचा समुद्र

मामा गेले, ही बातमी आंध्रच्या किनाऱ्यावरच्या सत्यमण्णांना कळवायचं काम माझ्याकडं आलं. घरात तेलुगू मलाच जरा बरं येतं. अण्णांनी फोनवर विचारलं, "तिकडं पाऊस आहे का?" मी नाही म्हटलं. "मग सुखानं गेला असेल. पावसात त्याला मांडवाचीच काळजी लागली असती." रडता रडता मला हसू आलं.

मामांचा देगलूरला मांडवाचा धंदा. ताडपत्र्या आणायला एकदा ते किनाऱ्यावर गेले आणि मासेमारी करणाऱ्या सत्यमण्णांशी दोस्ती करून आले. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर फोन, "समुद्रम् एला उंदी?" म्हणजे समुद्र कसा आहे. मला ते समजावून सांगत, "बंगालच्या उपसागरात हवेचं चाक फिरतं. किनाऱ्यावर चढलं की वारा मरतो, पाणी मरत न्हाई. ते तेलंगणावरून चालत दोन दिवसांत आपल्या दारात येतं. चाक उत्तरेला वळलं, तर मात्र आपल्याला नुसती गार हवा."

माझं लग्न नोव्हेंबरअखेरीस, उघड्या मैदानावर, संध्याकाळचं ठरलेलं. दोन दिवस आधी मामांनी फर्मान काढलं, लग्न सकाळी लावायचं आणि जेवणं शाळेच्या हॉलमध्ये. माझे सासरे, दादा, अहमदपूरचे निवृत्त गणिताचे मास्तर. ते वर बघून म्हणाले, "आभाळ कोरडं ठक्क हाय की. उगंच भेव घालून राहिलेत तुम्ही." पण मामा हटले नाहीत. शेवटी सगळ्यांना परत फोन गेले, लग्न सकाळी लागलं... आणि दिवसभर लख्ख ऊन. चाक ओडिशाकडं वळलं होतं. पाहुणे पोट धरून हसत होते. मामांनी जिलेबीचं ताट उचललं आणि पंगतीत प्रत्येकापुढं वाकून "चुकलो, एक घ्या" म्हणत वाढत गेले. दादांपुढं आल्यावर दादा म्हणाले, "दोन वाढा. चूक मोठी हाय."

पुढच्याच वर्षी आमचं सोयाबीन कापून शेतात पडलेलं. मामांचा फोन आला, "आज गंजी लावा अन् झाका. या खेपेला चाक सरळ येऊन राहिलंय." दादा म्हणाले, "लग्नातल्यासारखं?" मामांनी फोन ठेवला. दुपारी त्यांचा टेम्पो आमच्या बांधावर उभा होता, मांडवाच्या सगळ्या ताडपत्र्या भरून. मामा स्वतः गंजीवर चढून दोर आवळत होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जो पाऊस लागला, तो सलग दोन दिवस. उघडल्यावर दादांनी गंजीत कोपरापर्यंत हात घातला. कोरडा निघाला. त्यांनी तिथूनच मामांना फोन लावला, "गणित बरोबर हाय," एवढंच म्हणाले. मामा ते वाक्य वर्षभर गावाला सांगत होते.

मामांना जाऊन आता सात आठवडे झाले. परवा सकाळी चहा घेऊन गेले तर दादा फोनवर, मोठ्यानं, एकेक अक्षर जोडत, "समुद्रम् एला उंदी?" सत्यमण्णांचा नंबर त्यांनी मामांच्या मुलाकडून घेतला होता. दादांना तेलुगूचं ओ की ठो कळत नाही. पलीकडून अण्णा पाच मिनिटं बोलत होते आणि दादा गंभीरपणे "हाव, हाव" करत होते. फोन ठेवून मला म्हणाले, "बागुंदी म्हणजे काय गं?"

"बरा आहे, दादा."

"मग गोधड्या धुवायला काढा," ते म्हणाले, आणि चहाची बशी तोंडाला लावली.