बाराव्या मजल्यावरचा इंग्रज

अबुधाबीत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक इंग्रज इंजिनियर राहायचा. सकाळी लिफ्टचं दार लागलं की तो आपल्या सरकारला शिव्या घालायला लागायचा. ब्रेक्झिट होऊन ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून स्पेनच्या विमानतळावर त्याला युरोपबाहेरच्या लोकांच्या रांगेत उभं राहावं लागत होतं. कोविडमध्ये तर आईला भेटायला जायचं तिकीट त्याने तीनदा रद्द केलं होतं. "सकाळी एक नियम, संध्याकाळी दुसरा. खलास!" असं म्हणत तो तळमजल्यापर्यंत मान हलवायचा.

एकदा मीही सहानुभूतीने म्हणालो, "खरंच, तुमचं सरकार अगदी बिनडोक आहे."

तो एकदम ताठ झाला. "तसं काही नाही. परिस्थितीच अवघड होती," म्हणाला, आणि पुढे आठवडाभर बारा मजले जिन्याने उतरला.

मग एका सकाळी तो पुन्हा लिफ्टमध्ये आला. "तुमच्याकडे सरकारचं कसं चाललंय?" त्याने विचारलं.

आदल्या दिवशीच मी पुण्याच्या भावाशी फोनवर तासभर आपल्या सरकारची सालटी काढली होती. मी टाय सरळ केला. "उत्तम चाललंय."

"आमचंही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं गुपचूप खाली उतरलो.